‘कोई शक?’ नंतरची शांतता

फौजेविषयी बाहेर जे कौतुक चालतं, त्यातलं बरंचसं मी हसून सोडून देतो. मिशा, रम, पहाटे चारला उठणं, वगैरे. एका कौतुकाची मात्र मला मनापासून चीड आहे, आणि ते करणाऱ्यांत बाहेरचे कमी, आपलेच जास्त आहेत. ‘आमच्या पलटणीत बोलावं लागत नाही. नुसती नजर पुरे.’

हे वाक्य मी मेसमध्ये ऐकलंय, रियुनियनच्या बडाखान्यात ऐकलंय आणि कंपन्यांच्या मॅनेजर मंडळींपुढे भाषण देणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या तोंडून तर पुष्कळदा ऐकलंय. सिनेमात काळ्या कपड्यांतला कमांडो दोन बोटं हलवतो, सहा माणसं सहा दिशांना पांगतात आणि थिएटरात शिट्ट्या वाजतात. मॅनेजर मंडळी वहीत लिहून घेतात: उत्तम टीमला शब्द लागत नाहीत.

वाक्य खोटं नाही. ते अर्धं आहे, आणि अर्धं आहे म्हणूनच घातक आहे. कारण ते ऐकून पंचविशीतला एखादा कॅप्टन आपल्या कच्च्या तुकडीकडून नजरेच्या भाषेची अपेक्षा करू लागतो, आणि कच्ची तुकडी बिचारी मान डोलावते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. मुरलेल्या तुकडीची शांतता आणि कच्च्या तुकडीची शांतता बाहेरून हुबेहूब सारखी दिसते. पहिलीच्या पोटात हजारो बोललेले शब्द असतात. दुसरीच्या पोटात भीती असते, किंवा गोंधळ, किंवा नुसती झोप. ज्या अधिकाऱ्याला या दोन शांततांमधला फरक ओळखता येत नाही, त्याच्या हाताखालच्या माणसांची मला काळजी वाटते.

ज्यांनी वर्दी घातलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. सँड मॉडेलवर ऑर्डर देऊन झाल्या की अधिकारी छडी खाली ठेवतो, घड्याळं जुळवून घेतो आणि विचारतो, ‘कोई शक?’ समोर तीस माणसं बसलेली असतात. तीस गळ्यांतून एकच उत्तर येतं, ‘नहीं साब!’

व्याकरणाने पाहिलं तर ‘कोई शक?’ हा प्रश्न आहे. व्यवहारात तो पूर्णविराम आहे. आता उठा, असा त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. त्या तिसांपैकी चार पोरं दोन आठवड्यांपूर्वी रेजिमेंटल सेंटरमधून आलेली असतात. परतताना एकत्र यायची जागा कुठली, हे त्यांना धड कळलेलं नसतं. पण शेजारी हवालदार, पुढे सुभेदार साब, समोर कॅप्टन साहेब. या सगळ्यांच्या देखत ‘साब, समझा नहीं’ म्हणायला जी छाती लागते, ती गोळीसमोर जाणाऱ्या छातीपेक्षा लहान नसते. मी अतिशयोक्ती करत नाही. गोळीसमोर बिनधास्त जाणारी पोरं मी पुष्कळ पाहिली. ‘समझा नहीं’ म्हणणारी बोटांवर मोजता येतील.

आपल्याकडे यासाठी संस्कृतात सोयही करून ठेवलेली आहे: मौनं संमतिलक्षणम्. लग्नाच्या बोलणीत ते चालत असेल; तिथेही मुलीला विचारलेलं बरं. ऑर्डर ग्रुपमध्ये मौन म्हणजे संमती असं धरून चालणारा माणूस दुसऱ्याच्या जिवावर जुगार खेळत असतो.

मुरलेली शांतता येते कुठून, ते आता बघू. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आलेला पोरगा पहिल्या आठवड्यात ड्रिल स्क्वेअरवर काय करतो? ओरडतो. ‘एक! दो-तीन! एक!’ प्रत्येक हालचालीची गिनती आणि मधला थांबा, घशाच्या शिरा ताणून, मोठ्याने. आवाज बारीक आला तर उस्ताद पूर्ण स्क्वॉडला पुन्हा सुरुवातीपासून करायला लावतो. काही आठवड्यांनी ती गिनती ओठांवर येते. मग मनात जाते. तीन वर्षांनी पासिंग आउट परेडला शेकडो टाचा एका क्षणी वाजतात, आणि कौतुकाने बघत बसलेले आईबाप म्हणतात, बघा, न बोलता कसं जमतं! न बोलता? तीन वर्षं बोंबलून जमलंय ते. ती गिनती नाहीशी झालेली नाही. पोरांनी ती गिळलेली आहे.

माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ या गिळलेल्या गिनतीत आहे. शिकण्याचा क्रम आधी मोठ्याने, मग हळू, मग मनात, असाच असतो. पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरी मागणारा माणूस लोणचं घालायच्या दिवशीच मुरलेलं लोणचं मागतो.

ड्रिल स्क्वेअरवर चूक झाली तर फार तर चार फेऱ्या जास्त माराव्या लागतात. जंगलात हिशेब वेगळा असतो. ईशान्येतल्या पावसाळी जंगलात रात्रीची अँबुश लावायची म्हटली की बोलणं बंद, खोकणं बंद, टॉर्च बंद. हाताचे इशारे अंधारात कुणाला दिसणार? अशा वेळी एका जागेवरून दुसऱ्या जागेपर्यंत एक डोरी सोडतात. एक झटका म्हणजे एक अर्थ, दोन झटके म्हणजे दुसरा. कुठल्या झटक्याचा काय अर्थ, हे प्रत्येक पार्टी आपलं आपण ठरवते. समजा एक झटका म्हणजे ‘कुणीतरी येतंय’ असं ठरलं आहे.

आता रात्रीचे दोन वाजले आहेत. पाऊस आहे. सगळ्यात पुढच्या जागेवर बसलेल्या पोराच्या पोटरीला जळू लागते. तो पाय झटकतो. डोरी पायाशी अडकलेली असते, ती ओढली जाते. डोरीच्या दुसऱ्या टोकाला जे पोरगं बसलेलं आहे, त्याची ही पहिलीच अँबुश आहे आणि त्याचं बोट ट्रिगरजवळ आहे. त्याला ‘इशारा’ मिळालेला आहे. शब्दाशिवाय संवाद झालेला आहे! पुढे काय होऊ शकतं, ते या वाचकवर्गाला मी सांगायची गरज नाही.

माझ्या कंपनीत कोल्हापूरकडचे एक हवालदार होते. डोरी लावायची असली की ते आदल्या दिवशी दुपारी, लख्ख उजेडात, पोरांना रांगेत बसवायचे. डोळ्यांवर पट्टी आणि हातात डोरी. मग ते दुसऱ्या टोकाला जाऊन डोरी ओढायचे.

‘हे काय आलं?’

‘कुणीतरी येतंय, साब.’

‘नाही. हा माझा गुडघा होता. परत. हे काय आलं?’

‘गुडघा, साब.’

‘नाही. डास मारला मी. परत.’

तासभर हा गोंधळ चालायचा. पोरं हसायची, वाद घालायची, एकमेकांना शिव्याही द्यायची. पण तासाभरानंतर एकेकाच्या बोटांना कळायला लागायचं की हाताने मुद्दाम दिलेला झटका आखूड आणि कोरडा असतो, पाय सरकला तर ओढ लांबट आणि ढिली लागते. एखाद्याला नाहीच कळलं तर तो ते मोठ्याने सांगायचा, आणि हवालदार त्याची जागा बदलायचे. रात्री ती पार्टी दगडासारखी गप्प बसायची. बाहेरून येऊन कुणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, क्या बात है, या लोकांना बोलावं लागत नाही. दुपारचा तो बाजार त्याने पाहिलेला नसता.

शांततेचं कौतुक करणाऱ्यांना नेहमी रात्रच दिसते. दुपार दिसत नाही.

सियाचेनवर हीच डोरी जाड होते आणि माणसांच्या कमरेला बांधली जाते. हिमभेगांवरून जाणारी पार्टी एका दोरात ओवलेली असते. वारा इतका असतो की पाच पावलांवरचा शब्द पोचत नाही. पुढच्याचं पाऊल अडखळलं, दोर सैल पडला, दोर एकदम ताणला; सगळं बोलणं त्या दोरातून. पुढचा माणूस खाली गेला तर बाकीच्यांनी विचार न करता बर्फावर पडून आइस ॲक्स रोवायची असते. तिथे ‘विचार न करता’ हे शब्द खरे आहेत. पण वर पाठवण्याआधी बेस कॅम्पला प्रशिक्षणात तो विचार त्यांच्याकडून कितीतरी वेळा, मोठ्याने, करून घेतलेला असतो. गाठ कशी बसली ते बोलून दाखव. दोर किती सैल चालेल ते सांग. पडलास तर काय करशील ते करून दाखव. नुसत्या मान डोलावण्यावर तिथे कुणी कुणाला दोरात ओवत नाही.

मान डोलावणं! या देशात या एका हालचालीने जेवढे गैरसमज केले असतील तेवढे वायरलेस सेटने केले नसतील. आता वायरलेसचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सेटवर आपण ‘रॉजर’ म्हणतो, त्याचा अर्थ ‘तुझा निरोप मिळाला’ इतकाच. पटला, उमगला, करतो, यातलं काहीही त्यात येत नाही. ‘करतो’साठी वेगळा शब्द आहे, ‘विल्को’. हा फरक करणाऱ्या शहाण्यांना मी मनोमन सलाम करतो. कारण नव्या पोराने मान डोलावली की तो फार तर ‘रॉजर’ असतो. आपण तो ‘विल्को’ म्हणून लिहून घेतो.

त्यात ही मान कुठल्या मुलखातली, हाही प्रश्न असतो. सर्व प्रांतांची पोरं असलेल्या कंपनीत तमिळनाडूचा जवान मान दोन्ही खांद्यांकडे लवकवतो; त्याच्या गावी ते ‘हो’ असतं, पंजाबातल्या त्याच्या हवालदाराला ते ‘नाही’ वाटतं, निदान ‘बघू’ वाटतं. आपल्याकडच्या खेड्यातल्या पोराला लहानपणापासून शिकवलेलं असतं की मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही. तो साहेबांपुढे नजर खाली ठेवतो ती आदराने. शहरात वाढलेल्या साहेबांना वाटतं, याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. नजरेची भाषा सगळ्यांना जन्मतः येते, हा समज शहरातल्या एका जातकुळीच्या माणसांत बसून केलेला आहे. ज्या फौजेत आसामी, तेलुगू, गढवाली आणि मराठी पोरं एका ताटलीत जेवतात, तिथे तो टिकत नाही.

आणि भाषेचं काय? तमिळ जवानाची हिंदी सेंटरमध्ये शिकलेली, कामापुरती. शंका त्याच्या मनात तमिळमध्ये उगवते. ती हिंदीत आणून, शब्द जुळवून, तोंडापर्यंत येईतो ‘कोई शक?’चा क्षण निघून गेलेला असतो. त्याचं ‘नहीं साब’ बाकीच्या एकोणतीस जणांच्या ‘नहीं साब’मध्ये मिसळून गेलेलं असतं. आपण त्याला समजूतदार म्हणतो.

इथे जुने वाचक मला अडवतील. ‘मेजरसाब, आमच्या पलटणीत वीस-वीस वर्षं एकत्र मीठ खाल्लेली माणसं होती. ती खरोखर नजरेने बोलायची.’ मान्य. मीही अशी माणसं पाहिली आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकलो आहे. पण मग राष्ट्रीय रायफल्सचं काय म्हणाल? १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या या दलात माणसं वेगवेगळ्या रेजिमेंटांमधून ठराविक काळासाठी येतात. निम्मी इन्फंट्रीची, बाकी तोफखाना, रणगाडे, सिग्नल, सप्लाय अशी कुठून कुठून आलेली. कुणी येतो आहे, कुणी जातो आहे, हे बारा महिने चालूच. वीस वर्षांचं मीठ तिथे कुणीच एकत्र खाल्लेलं नसतं. तरीही काश्मीरच्या सफरचंदाच्या बागांत रात्रीचा घेरा घालताना या तुकड्या बिनबोभाट काम करतात.

कसं? खोऱ्यात उतरण्याआधी कोअर बॅटल स्कूलमध्ये त्यांना काही आठवडे पिळून काढलेलं असतं. आणि मग रोज संध्याकाळी बोलणं. तिथली माझी एक बडी जोडी होती. एक तोफखान्याचा, एक इन्फंट्रीचा. घेऱ्यात ही जोडी कमालीची शांत. एकाने पाणी प्यायला हात खाली घेतला की दुसऱ्याची नजर आपोआप दोघांच्याही बाजूवर फिरायची. नवीन आलेल्या एका लेफ्टनंटने मला विचारलं, हे जुळे भाऊ आहेत का? मी त्याला संध्याकाळी लंगरमध्ये घेऊन गेलो. तिथे हे दोघे एकमेकांवर ओरडत होते. ‘तू पाणी प्यायलास तेव्हा भिंतीची बाजू कुणाची होती? माझी? कुणी सांगितलं माझी?’ अर्धा तास. रोटी थंड झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दोघे पुतळ्यासारखे शांत. त्या लेफ्टनंटला मी एवढंच म्हटलं, फील्डमध्ये जी जोडी सगळ्यात कमी बोलते, ती लंगरमध्ये सगळ्यात जास्त भांडते की नाही ते बघत जा. भांडत नसेल तर मला येऊन सांग.

हा केवळ माझा ग्रह नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्राने विमान कंपन्यांच्या वैमानिकांवर एक प्रयोग केला. थकव्याने किती चुका वाढतात, हे त्यांना बघायचं होतं. काही जोड्या ताज्यातवान्या, पण अलीकडे एकत्र न उडालेल्या. काही जोड्या नुकत्याच एकत्र ड्युटी संपवून आलेल्या, दमलेल्या. दोघांनाही सिम्युलेटरमध्ये बसवलं. अपेक्षा अशी की दमलेले जास्त चुकणार. झालं उलटं. दमलेल्या, पण एकमेकांची सवय झालेल्या जोड्यांच्या गंभीर चुका कमी निघाल्या. आणि त्यांचं बोलणं तपासलं तर ते कमी नव्हतं, जास्त होतं. मी आता काय करतोय ते सांगणं जास्त, ‘ऐकलं’ अशी पोच देणं जास्त, आणि दुय्यम वैमानिकाने वरिष्ठाला ‘हे मला पटत नाही’ म्हणणंही जास्त. ओळखीने तोंड बंद होत नाही, उघडतं.

दुसरं उदाहरण जास्त कडू आहे. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या व्हिन्सेनेस या युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान हल्लेखोर लढाऊ विमान समजून पाडलं. २९० माणसं गेली. त्यानंतर अमेरिकी नौदलाने दबावाखाली तुकड्या निर्णय कसे घेतात यावर मोठं संशोधन हाती घेतलं. त्या अभ्यासात एक साधं माप वापरलं गेलं: मागितलेल्या माहितीच्या मानाने न मागता दिलेली माहिती किती? चांगल्या तुकडीत हे माप वर जातं. साहेबाने ‘उंची किती?’ विचारायच्या आधी ऑपरेटर उंची सांगतो, कारण साहेबाला पुढच्या क्षणी काय लागणार हे त्याला ठाऊक असतं.

नजरेच्या भाषेचा खरा अर्थ हा आहे. मुरलेल्या तुकडीत प्रश्न कमी होतात, कारण उत्तर आधीच येऊन पडलेलं असतं. कच्च्या तुकडीतही प्रश्न कमीच असतात, पण तिथे विचारायची हिंमत नसते. प्रश्नांची संख्या मोजून तुम्हाला फरक कळणार नाही. न विचारता सांगितलेल्या गोष्टी मोजा.

आता मुरलेल्यांच्याही कानात दोन शब्द. मुरलेली तुकडी ही छातीवर लावायची पट्टी नाही, की एकदा मिळाली म्हणजे आयुष्यभर पुरली. दहा जणांचं सेक्शन घ्या. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा असते, ती त्याला मिळालीच पाहिजे. म्हणजे दोन जण कायम घरी. एक कोर्सवर, एक एमआय रूममध्ये. उरले सहा. कामाला आठ हवेत म्हणून दोन शेजारच्या प्लाटूनमधून उसने. नाव जुनं, सेक्शन कमांडर जुना, पण त्या रात्री ती तुकडी नवीन आहे. उसन्या दोघांना बाकीच्यांची गिळलेली गिनती ऐकू येत नाही. आणि बाकीच्या सहांना सवय अशी लागलेली असते की ‘त्याने पाहिलंच असेल’. जुन्या माणसांकडून होणारा घात पुष्कळदा याच चार शब्दांच्या आसपास असतो: त्याने पाहिलंच असेल, साबने. म्हणून माझा नियम असा की एक माणूस बदलला तरी अख्खी तुकडी कच्ची धरायची. गिनती पुन्हा मोठ्याने.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. ‘लढाईत गप्पा मारायला वेळ कुठे असतो?’ नसतोच. म्हणून तर गप्पा आधी. लढाईत वेळ नसतो म्हणून रिहर्सलमध्येही न बोलणारा अधिकारी हा परीक्षेत वेळ कमी असतो म्हणून अभ्यासही न करणाऱ्या पोरासारखा आहे. दुसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो: जवानांना बोलायला दिलं की शिस्त जाते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. ज्या कंपनीत दुपारी ‘साब, ये नहीं होगा’ म्हणता येतं, तिथे रात्री हुकूम दुसऱ्यांदा द्यावा लागत नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. शब्दच दिला नाही तर शहाणा काय करणार?

आता माजी सैनिकांशी थेट बोलतो. तुमच्यापैकी पुष्कळ जण आज सिक्युरिटीत आहेत. कुठे मॉल, कुठे कारखाना, कुठे हॉस्पिटल. तुमच्या हाताखाली वीस पोरं, त्यातली निम्मी दर दोन-तीन महिन्यांनी बदलणारी. पगार तुटपुंजा, झोप अपुरी, गणवेश दुसऱ्याच्या मापाचा. तुम्ही शिफ्ट बदलताना सूचना देता, ती ‘हो सर’ म्हणतात, तुम्ही नजरेने सगळं तपासून निघता. तुमची नजर पलटणीत मुरलेली आहे. त्यांची नाही. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर धूर दिसला तर आधी कुठला दरवाजा उघडायचा, याचं उत्तर तुमच्या नजरेत आहे, पण त्या पोराच्या डोक्यात नाही. ‘आमच्या वेळी बोलावं लागत नसे’ हे वाक्य त्या पोराच्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या रुग्णाच्या काहीही कामाचं नाही. तुम्हाला एका उस्तादाने किती वेळा ओरडून शिकवलं, तेवढ्या वेळा त्याला शिकवा.

आणि ऑफिसांमधल्या मित्रांना: तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकल्यावर खाली जे अठरा अंगठे उगवतात, ते तुमचं ‘नहीं साब’ आहे. अंगठा म्हणजे ‘रॉजर’. फौजेकडून काही उचलायचंच असेल तर बोटांचे इशारे उचलू नका, दुपारची रिहर्सल उचला.

मी काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. ऑर्डर संपल्या की मी तीस जणांना एकत्र प्रश्न विचारत नाही. सगळ्यात हुशार माणसालाही विचारत नाही, कारण तो माझेच शब्द मला परत देतो. सगळ्यात नव्या माणसाला उभं करतो आणि त्याच्या शब्दांत, लागलं तर त्याच्या भाषेत, कुणाला तरी दुभाषा करून, त्याचं काम सांगायला लावतो. तो अडला तर चूक त्याची धरत नाही, ऑर्डरची धरतो. नवीन माणूस पहिला महिना प्रत्येक इशारा हाताने देताना तोंडानेही उच्चारतो. जुन्यांनी हसायचं नाही. काम संपवून परत आल्यावर, हत्यारं खाली करून झाली की चहाबरोबर लगेच बोलणी, आणि पहिला शब्द सगळ्यात कनिष्ठ माणसाचा. साहेब शेवटी. साहेब आधी बोलला की उरलेल्या सगळ्यांचं मत तेच होतं, हे एक वैज्ञानिक सत्य समजायला हरकत नाही. आणि बडी जोडी क्लार्कच्या रजिस्टरमधली सोय बघून तोडायची नाही. ती बनायला महिने लागतात, तोडायला पेनाची एक रेघ पुरते.

यातलं काहीही सिनेमात दाखवण्यासारखं नाही. कुणी शिट्ट्या मारणार नाही. दुपारच्या उन्हात बसून एकाच डोरीवर तासभर वाद घालणारी दहा माणसं बघायला तिकीट कोण काढेल? पण त्या दहापैकी दहा जण सकाळी परत येतात, आणि माझ्या हिशेबी शौर्याच्या गोष्टीपेक्षा ही हजेरी मोठी आहे.

तेव्हा तरुण अधिकारी मित्रांनो, ‘कोई शक?’ जरूर विचारा, ती आपली रीत आहे. फक्त त्यानंतर येणाऱ्या शांततेवर विश्वास ठेवू नका. मागच्या रांगेत बसलेल्या, सगळ्यात जोरात ‘नहीं साब’ म्हणालेल्या पोराला उठवा आणि म्हणा, ‘बता बेटा, तू क्या करेगा?’ मग लंगरमधून चहा मागवून ठेवा. वेळ लागणार आहे.